हवामान बदलाची सारखी भीती वाटते, मन खंबीर कसं ठेवायचं?

तुम्ही विचारलंय की पूर-दुष्काळाचे व्हिडिओ बघून रात्री झोप लागत नाही, पोरांचं पुढं काय होणार हेच डोक्यात फिरतं, आणि सोलापूरसारख्या दुष्काळी भागातली माणसं एवढी खंबीर कशी राहतात. मी सोलापूरचाच, टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो, गाव मोहोळ तालुक्यात सीना नदीच्या काठाला. तर आधीच सांगतो, आम्ही खंबीर बिंबीर काय नाही.

2024 च्या उन्हाळ्यात उजनी धरण उणे 60 टक्क्यांजवळ गेलं, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळातला राखीव साठा पण निम्म्याहून जास्त उपसला, पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यातनं उघडं पडलं तर लोक गाड्या करून बघायला जायचे, इकडं शहरात आम्ही नळ कधी येतोय म्हणून बसलेलो. आणि ऑगस्टमध्ये तेच धरण भरलं पण. मग सप्टेंबर 2025 ला सीनेला पूर आला. ते सगळं पाणी काय आमच्या शिवारात पडलेलं नव्हतं, वरनं नगर-धाराशिवकडनं आलं, धरणांतनं सोडलेलं आलं, लांबोटीजवळ पुण्याचा हायवेसुद्धा बंद होता. आप्पांचा, म्हणजे वडलांचा, दोन एकर ऊस आडवा, विहीर गाळानं भरली, मोटार त्यातच, आणि वरची माती खरवडून गेली. पीक पुढच्या साली घेता येतं ओ, माती कुठनं आणायची?

आप्पा रडले नाहीत. येणारा जाणारा म्हणायचा, आप्पा लय खंबीर माणूस, आणि खरं सांगतो मला पण ऐकून बरं वाटायचं. दिवाळीला गावाकडं मुक्कामी राहिलो तेव्हा कळलं की हा माणूस रात्री दोनला उठून नदीकडं तोंड करून ओट्यावर बसतो. आईला महिनाभर माहीत होतं पण ती कुणाला बोलली नाही, कारण ती पण खंबीर! शेवटी डॉक्टरकडं नेलं, थोडे दिवस गोळ्या चालल्या, मग हळूहळू बोलायला लागले. पहिलं काय बोलले तर मोटारीचं. तासभर मोटारीचंच.

आमची आजी 72 च्या दुष्काळात खडी फोडायला जायची, लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातनं आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी, पोरांना सुकडी. हाल आमच्यापेक्षा कितीतरी जास्त. पण ती सांगायची त्यात मुकादमाला घातलेल्या शिव्या असायच्या, एकमेकींच्या हाताचे फोड बघणं असायचं. सगळ्याजणी एकाच ठिकाणी बसून बोंबलत होत्या. आता ज्याची त्याची जमीन, ज्याचं त्याचं नुकसान, आणि रात्री ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल. तुम्हाला जे होतंय ते मला यातलंच वाटतं, म्हणून मन घट्ट करायच्या नादाला लागू नका, घरात मोठ्यानं सांगा की मला भीती वाटते. घरात जमत नसेल तर टेलिमानस म्हणून सरकारची मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन आहे, तिचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. व्हिडिओ रात्री बंदच करा. मी हवामानाचा अंदाज संध्याकाळी एकदा बघतो, बास.

आप्पांचं म्हणाल तर त्यांनी आता अंगणात सरळ काठाचा डबा ठेवलाय, पाऊस पडला की आत पट्टी घालून मिलिमीटर मोजतात आणि वहीत लिहितात. सरकारी हिशोबात महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, 24 तासात 65 मिलिमीटरच्या वर झाला तरच अतिवृष्टी धरतात, पण यंत्र एका गावात आणि ढग फुटतो दुसऱ्याच गावात, त्यामुळं भरपाईवरनं पारावर कायम वाद. परवा आप्पा वही घेऊन गेले आणि चुलत्याशी अर्धा तास कडाकडा भांडून आले. आई फोनवर म्हणाली, आता बरे झालेत बघ.