हाडांचा अभ्यास कूर्चेपासून सुरू कर

खानापूरहून रोज बसने बेळगावला येऊन एमएस्सी करतेस, म्हणून आधीच सांगते गं: जनुकांची नावं पाठ करत बसू नकोस. खाटकाकडून करडाच्या पायाचं हाड उभं चिरून आण आणि टोकाजवळची कूर्चेची (कार्टिलेजची) पातळ पट्टी बघ. हाडाची लांबी तिथेच वाढते.

भ्रूणात हातापायांची हाडं आधी कूर्चेची बनतात. त्यासाठी सॉक्स-९ हे जनुक लागतं. रन्क्स-२ हे जनुक नसलेल्या उंदरांत हाड तयारच होत नाही, सांगाडा कूर्चेचाच राहतो. हे १९९७ साली दिसलं. एवढं नीट समजलं की पुढचं सोपं जातं.

खरा वेळ मात्र एफजीएफआर-३ या जनुकाला दे. ते वाढीचा लगाम आहे. उंदरात ते काढून टाकलं तर हाडं जास्त लांब होतात. माणसात ते बदलामुळे गरजेपेक्षा जास्त सक्रिय झालं तर अ‍ॅकोंड्रोप्लेजिया हा बुटकेपणाचा जन्मजात विकार होतो, हातपाय आखूड राहतात. जनुक बिघडलं म्हणजे काम बंद पडलं, असं नवीन मुलं हमखास धरून चालतात. इथे काम वाढलेलं असतं! प्रत्येक शोधनिबंध वाचताना काम बंद पडलंय की वाढलंय, हा प्रश्न आधी विचार. आणि अडलीस तर मराठीत विचार, कन्नडमध्ये विचार, पण विचार.