घर विकून आरव्हीत राहिलं, तर बोलायला माणसं मिळतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: निवृत्तीनंतर न्यू जर्सीतलं घर विकून दोघांनी कायमचं आरव्हीत, म्हणजे घरासारख्या सोयी असलेल्या गाडीत राहायचं, हिवाळा ॲरिझोनाच्या वाळवंटात काढायचा. तुम्ही तयार आहात, पण पत्नी विचारते, "त्या उजाड माळावर बोलायला कोण असणार?"

गाडी कुठली घ्यावी हे तुम्ही विचारलं आहे, पण वहिनींचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. आम्ही दोघं बरीच वर्षं ट्रेलरमध्येच राहतो, आणि अनुभवाने सांगते: माणसं मिळतात आणि टिकतातही. फक्त दर हिवाळ्यात त्याच वाटेने, साधारण त्याच सुमाराला जायला हवं. दरवर्षी नवा नकाशा घेऊन निघालेली जोडपी आम्ही पाहिली आहेत. बघण्यासारखं सगळं बघून होतं, पण ओळख जुनी व्हायला सवडच मिळत नाही, आणि त्यातले बरेच जण शेवटी घर शोधायला लागतात.

या भागात माणसं पुन्हा पुन्हा भेटतात त्याला कारण आहे. ॲरिझोना म्हणजे सगळीकडे ऊन, असं आपण धरून चालतो. पण फ्लॅगस्टाफ सुमारे 7,000 फुटांवर आहे आणि तिथे भरपूर बर्फ पडतो. न्यू मेक्सिकोतलं डेमिंग 4,300 फुटांवर, तिथल्या जानेवारीतल्या रात्री नळ गोठवतात. थंडी चुकवायची तर खाली उतरावंच लागतं. युमा, क्वार्ट्झसाइट, कॅलिफोर्नियातलं बोरेगो स्प्रिंग्ज ही सगळी हजार फुटांच्या खालची गावं. दुपारी 65-70 फॅरनहाइट, रात्री चाळिशीच्या आसपास, मधूनच एखादी रात्र गोठणबिंदूला टेकणारी. कॅनडापासून मिनेसोटापर्यंतचे फिरस्ते त्यामुळे त्याच चार-पाच ठिकाणी येऊन थांबतात. नोव्हेंबरमध्ये बोरेगोत निरोप घेतलेलं जोडपं जानेवारीत क्वार्ट्झसाइटला आपल्या शेजारी असतं, यात नवल काही नाही.

जमिनीचा हिशेबही याला पोषक आहे. या वाळवंटाचा मोठा भाग केंद्र सरकारच्या बीएलएम (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट) या जमीन सांभाळणाऱ्या खात्याकडे आहे. त्यातल्या बऱ्याच मोकळ्या जमिनीवर 28 दिवसांतले 14 दिवस फुकट राहता येतं, नंतर 25 मैल तरी लांब जावं लागतं. ज्यांना महिनोन्महिने एका जागी राहायचं आहे त्यांच्यासाठी 1983 पासून खास क्षेत्रं आखलेली आहेत: क्वार्ट्झसाइटच्या दक्षिणेला ला पोसा, युमाजवळ इम्पीरियल डॅम. तिथे 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल या हंगामाचा परवाना अनेक वर्षं 180 डॉलर होता, दोन आठवड्यांचा 40. जायच्या आधी चालू दर बघून घ्या. वीज-पाण्याची जोडणी मिळत नाही, पण पाणी भरायची आणि मैल्याची टाकी रिकामी करायची सोय असते. आखलेले प्लॉट नसल्यामुळे ओळखीची सहा-सात कुटुंबं हवी तशी गोलात गाड्या लावू शकतात. पैसे भरून राहायच्या आरव्ही पार्कमध्ये रांगेतला जो नंबर मिळेल तोच आपला शेजार. आम्ही दोन्हीकडे राहिलो आहोत, आणि मला माळ शंभर पटींनी आवडतो.

आमच्या गोलातली एक संध्याकाळ सांगते, म्हणजे वहिनींना अंदाज येईल. चारच्या सुमाराला कुणीतरी आपली घडीची खुर्ची मध्ये आणून ठेवतं. तेवढंच निमंत्रण. येताना आपली खुर्ची, आपला कप आणि आपली ताटली आणायची. ताटली आपलीच, कारण पाणी मोजकं असतं आणि दहा जणांची भांडी एकाच घरावर पडू नयेत. खायला प्रत्येकाकडून थोडं थोडं येतं. मी कुकरमध्ये मसालेभात लावते. कुकर या आयुष्यात सोन्यासारखा आहे, गॅसही कमी लागतो आणि पाणीही. शिट्टी झाली की पलीकडच्या व्हॅनमधल्या बाई झाकण पडायच्या आत ताटली घेऊन हजर. संक्रांत नेमकी क्वार्ट्झसाइटच्या दिवसांत येते, त्यामुळे तिळाचे लाडू सगळ्या गोलाला जातात. आता डिसेंबर संपला की निवृत्त ट्रकचालक असलेले आमचे एक मित्र लाडवांची चौकशी सुरू करतात. पावणेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, थंडी झपाट्याने उतरते, शेकोटीजवळ दोनेक तास बसून लोक आठलाच घरात जातात.

गप्पा कसल्या? बॅटऱ्या, गुडघे, नातवंडं. कुणाचा पाण्याचा पंप बंद पडला तर सकाळी तीन माणसं पाने घेऊन गाडीखाली. ह्यांना सोलरचं वायरिंग चांगलं जमतं. हिवाळ्यात ऊन तिरकं असल्याने पॅनल कलते करून द्यायला ह्यांना बोलावणं येतं, आणि ट्रेलरच्या ब्रेकचं काम त्या ट्रकवाल्या मित्राने आम्हाला कधी एकटं करू दिलेलं नाही. न्यू जर्सीच्या कॉलनीत वर्षानुवर्षं शेजारी राहून जेवढं होत नाही, तेवढं इथे दोन हिवाळ्यांत होतं, असं मी मनापासून म्हणते.

शिष्टाचार थोडेच आहेत, पण ते पाळलेच पाहिजेत. दार बंद असेल तर वाजवायचं नाही. कुणाच्या गाडीला चिकटून गाडी लावायची नाही, आधी विचारायचं. जनरेटर रात्री बंद.

आमची वाट साधारण अशी. दिवाळी फिनिक्समधल्या ओळखीच्या मराठी घरी. तिथून बोरेगो, जिथे अँझा-बोरेगो स्टेट पार्कात बऱ्याच ठिकाणी मोकळ्यावर फुकट राहता येतं. पुढे युमा आणि इम्पीरियल डॅम. युमाहून मेक्सिकोतलं लोस अल्गोदोनेस अगदी जवळ आहे. केचान जमातीच्या वाहनतळावर गाडी ठेवायची आणि पायी सीमा ओलांडायची. दात आणि चष्मे यांसाठी हंगामात तिथे रीघ लागलेली असते, आणि परतीच्या रांगेतच आम्हाला आमचे दोन चांगले मित्र भेटले. ग्रीनकार्ड असलं तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, पासपोर्ट मात्र हवा. सीमा ओलांडायची नसली तरी ग्रीनकार्ड कायम जवळ ठेवा. तो नियमच आहे, आणि युमाहून उत्तरेला येणाऱ्या 95 नंबरच्या रस्त्यावर बॉर्डर पेट्रोलची चौकी लागते.

जानेवारीत क्वार्ट्झसाइट. एरवी काही हजार वस्तीचं हे गाव तेव्हा आरव्हींनी भरून जातं. मोठ्या तंबूतलं आरव्हीचं प्रदर्शन असतं, रत्नं आणि दगडांचे बाजार असतात. गावाच्या कबरस्तानात हाय जॉली यांची पिरॅमिडच्या आकाराची समाधी आहे, वर धातूचा उंट. खरं नाव हाजी अली. 1856 मध्ये अमेरिकी सैन्याने या वाळवंटासाठी उंट आणले, त्यांच्याबरोबर ते आले आणि 1902 मध्ये इथेच वारले. गर्दी सोसत नसेल तर कोफा अभयारण्याच्या बाजूला सरका. फेब्रुवारीत आम्ही आहो गावाकडे आणि ऑर्गन पाइप कॅक्टसच्या परिसरात जातो, मग उन्हं तापायला लागली की उत्तरेकडे.

भेट ठरवताना तारीख पक्की करू नका, आठवडा ठरवा. वारा सुटला की मोठी गाडी हमरस्त्यावर काढणं धोक्याचं, दुरुस्ती कधी उपटेल सांगता येत नाही. आम्ही फक्त "संक्रांतीच्या आठवड्यात ला पोसा साउथ" एवढं कळवतो आणि पोहोचलं की जागेचं लोकेशन पाठवतो. गोल लावताना कोरड्या ओढ्याच्या पात्रात कुणीही उतरायचं नाही. डोंगरात पाऊस झाला की आपल्या डोक्यावर ढग नसतानाही पात्रातून लोंढा येतो.

एक गोष्ट वहिनींपासून लपवू नका. या वाटेवरचे बहुतेक लोक साठी-सत्तरीच्या पुढचे आहेत. आमच्या गोलातल्या एक आजी एकट्या गाडी चालवत यायच्या, ऐंशीच्या पुढे गेल्या तरी. नजर अधू झाली तेव्हा त्यांनी गाडी विकली आणि युमात छोटं घर भाड्याने घेतलं. त्या हिवाळ्यात पहिल्यांदा त्यांची जागा रिकामी दिसली आणि मला फार रडू आलं. मग सगळ्यांनी ठरवून युमातला मुक्काम वाढवला. आता आळीपाळीने कुणी ना कुणी त्यांना डॉक्टरकडे नेतं, किराणा आणून देतं. अशी माणसं तुम्हालाही मिळतील, आणि तुम्हालाही कुणासाठी तसं थांबावं लागेल.

कागदपत्रांबद्दल दोनच गोष्टी, पण घर विकण्याआधी. कायमचा पत्ता कुठल्यातरी राज्याचा लागतोच. फुलटाइमर, म्हणजे कायम गाडीतच राहणारी मंडळी बहुधा टेक्सस, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटा निवडतात. तिथे राज्याचा आयकर नाही आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवा आहेत. 1978 मध्ये सुरू झालेल्या एस्केपीज या आरव्हीवाल्यांच्या क्लबची सेवा टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टनहून चालते. दुसरी गोष्ट आरोग्य विमा. पासष्टीनंतर मूळ मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, देशभर चालतं. त्याआधीचे बरेचसे प्लॅन एका राज्यातल्या डॉक्टरांपुरते असतात, आणि इथे लोक सगळ्यात जास्त अडतात. तुमचं वय अजून पासष्ट नसेल तर विम्याचा निकाल लागल्याशिवाय घराला हात लावू नका.

गाडीचं म्हणाल तर आत्ता कुठलीच घेऊ नका. येत्या जानेवारीत फिनिक्सहून एक छोटी आरव्ही भाड्याने घ्या, कच्च्या रस्त्यावर तिला नेता येतं का ते आधी विचारून घ्या, दोन खुर्च्या बरोबर ठेवा आणि संक्रांतीच्या आठवड्यात ला पोसाला या. दोन आठवडे राहा. निर्णय वहिनींनी घ्यावा, आणि लाडू माझ्याकडून.