गरम पाण्याच्या कुंडाने कॅन्सरची पेशी मरते का?

प्रश्न : माझ्या काकूला गर्भाशयमुखाचा कॅन्सर असून तिचे रेडिएशन सुरू आहे. उष्णतेने कॅन्सरच्या पेशींतील विकरे, म्हणजे एन्झाइम, निकामी होतात, तेव्हा तिला तुरळच्या गरम पाण्याच्या कुंडात रोज स्नान घालावे, असे गावात सांगतात. यात तथ्य आहे का?
– एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : उष्णतेचा परिणाम खरा आहे, पण तो कुंडातील स्नानाने साधत नाही. काकूंना तेथे नेऊ नये, ही आग्रहाची विनंती.

विकरे ही प्रथिने असतात आणि त्यांचे काम त्यांच्या घडीवर, म्हणजे दुमडून बनलेल्या नेमक्या आकारावर, अवलंबून असते. रुग्णालयातील उष्णतेच्या उपचारात गाठीचे तापमान ४० ते ४३ अंश सेल्सिअसपर्यंत नेतात, तेव्हा पेशीतील सगळीच विकरे नष्ट होत नाहीत. काहींचा वेग तर सुरुवातीला वाढतो. फटका बसतो तो मुख्यतः डीएनएच्या दुरुस्तीला. डीएनए पॉलिमरेज बीटा हे दुरुस्तीचे विकर उष्णतेपुढे मंदावते, आणि बीआरसीए-२ हे प्रथिन, जे स्वतः विकर नसले तरी तुटलेला डीएनए जोडण्यासाठी आवश्यक असते, ते ४१ ते ४२.५ अंशांना पेशीतच मोडीत निघते, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. रेडिएशन पेशीचा डीएनए तोडते आणि उष्णता त्याची दुरुस्ती रोखते; म्हणूनच ही उष्णता एकटी न देता रेडिएशनच्या जोडीने देतात. नेदरलँड्समधील २००० सालच्या अभ्यासात, बळावलेल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये केवळ रेडिएशन घेतलेल्या २७ टक्के स्त्रिया तीन वर्षांनंतर हयात होत्या, तर उष्णतेची जोड मिळालेल्या ५१ टक्के. आज मात्र रेडिएशनला केमोथेरपीची जोड देणे हाच रूढ उपचार आहे.

कुंडात उतरल्यावर त्वचा तापते, पण घाम आणि रक्तप्रवाह शरीराच्या आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राखण्यासाठी झटतात. ओटीपोटातील गाठीपर्यंत नेमकी उष्णता पोहोचवायला खास यंत्रे आणि तापमानाची सतत मोजणी लागते. शिवाय ‘रोज’ हा सल्लाही उलटा आहे. उष्णता लागलेली पेशी हीट शॉक प्रथिने तयार करते, ती इतर प्रथिनांची घडी सावरतात आणि पुढील एक-दोन दिवस पेशी उष्णतेला दाद देत नाही; त्यामुळे हे उपचार आठवड्यातून एक-दोनदाच देतात.

रेडिएशन घेतलेली त्वचा नाजूक होते. गरम पाण्याने ती सोलवटते आणि सार्वजनिक कुंडात जंतुसंसर्गाचीही भीती असते. काकूंना घरीच कोमट पाण्याने स्नान घालावे, आणि त्वचा लाल झाली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी रेडिएशनच्या डॉक्टरांना कळवावे.