दळणाचे दगड

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझ्या कादंबरीची पहिली सात प्रकरणे मी दोनदा वाचली; एकदा सलग आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. पहिल्या महायुद्धात, आजच्या इराकमधल्या कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकलेल्या मराठा पलटणींवर मराठीत कोणीतरी मन लावून लिहावे असे मला फार वर्षे वाटत आले आहे, त्यामुळे तुझे बाड हाती आले तेव्हा झालेला आनंद आधी सांगतो आणि मग जे सांगणे भाग आहे ते सांगतो.

आपण कधी रायफल हाती धरलेली नाही, घरात कोणी फौजेत नाही, मग शिपायाच्या आयुष्यावर लिहिण्याचा आपल्याला अधिकार आहे का, असे तू पत्रात विचारले आहेस. माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार होते, पण लढाईविषयी त्यांच्या तोंडून मी जवळजवळ काहीच ऐकलेले नाही. वर्षाकाठी ते रजेवर येत तेव्हा काळ्या पत्र्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात लिहिलेला त्यांचा नंबर आणि नाव मी बोटाने गिरवीत बसे. त्यांच्या पत्रावरचा पत्ता ५६ ए.पी.ओ., म्हणजे फौजेच्या टपालाचा नुसता क्रमांक, असा असायचा; म्हणजे माणूस बर्फात आहे की वाळूत, हे आईलाही कळत नसे. परंतु रात्री दाराला कडी घालण्याआधी ते आम्हा झोपलेल्या भावंडांपाशी उभे राहत आणि एकेकाकडे बोट करून, ओठ हलवीत, आम्हाला मोजत, हे मी अर्धवट मिटल्या डोळ्यांनी कितीदा तरी पाहिले आहे. आम्ही चौघेच होतो. पलटणीत रोज संध्याकाळी होणारी गिनती त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की घरीही ती झाल्यावाचून त्यांना झोप येत नसे. शिपायाविषयी मी पुढे जे काही लिहू शकलो, त्यातला बराचसा भाग त्या मोजण्यातून आला आहे. असे पाहणे तुला जमणार नाही, असे मानायला मला काही कारण दिसत नाही.

आता बाडाकडे वळतो. सात प्रकरणांत तू पाच चकमकी घातल्या आहेत. टेसिफॉनची लढाई तर तू चाळीस पाने लढवली आहेस, आणि वेढ्याचे जवळजवळ पाच महिने मात्र तेरा पानांत आटोपले आहेत. माझी खरी हरकत इथे आहे. ब्रिटिशांच्या हिंदी फौजेतली सहावी पुणे डिव्हिजन बगदादच्या वाटेवर टेसिफॉनपाशी नोव्हेंबर १९१५ मध्ये लढली, मोठी हानी सोसून मागे फिरली आणि डिसेंबरच्या आरंभी तैग्रिसच्या वळणातल्या कुत अल अमारा या गावात अडकली. तिथून २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली जाईपर्यंत १०३वी, ११०वी आणि ११७वी या तिन्ही मराठा पलटणींतल्या माणसांनी जे केले, त्यातले बहुतेक काम म्हणजे खंदक खणणे, पुराचे पाणी अडवणे, पहारा देणे, आजारी माणसे वाहून नेणे आणि उद्या किती पीठ मिळेल याचा हिशेब करणे हेच होते. तुझ्या नायकाला तू या कामांपासून वाचवले आहेस, आणि म्हणून सात प्रकरणे संपली तरी तो मला भेटलेला नाही.

वेढ्यात एक वेळ अशी आली की जव होते पण ते दळायची पुरेशी सोय नव्हती, आणि बाहेरून विमानाने दळणाचे दगड आत टाकावे लागले. हे तू टिपणात लिहून ठेवले आहेस, परंतु कादंबरीत त्याला अर्धे वाक्य दिले आहेस. ते वाक्य वाचून मी बाड बाजूला ठेवले आणि कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो. सातारा जिल्ह्यातल्या किंवा कोकणातल्या घरात जन्मलेला तो शिपाई लहानपणी रोज पहाटे जात्याच्या घरघरीने आणि त्यावरच्या ओव्यांनी जागा झालेला आहे. दळण हे आईचे काम, बहिणीचे काम, लग्न होऊन आलेल्या त्या कोवळ्या पोरीचे काम, हे त्याने कधी विचार न करता गृहीत धरलेले आहे. विमान हीच मुळात त्याने नुकती पाहिलेली वस्तू, आणि त्या विमानातून खाली येतात ते दळणाचे दगड. ते कुठे पडले, ते उचलायला कोण धावले, दगडाला नीट टाकी लावलेली आहे की नाही हे कोणी हात फिरवून पाहिले, पहिला घास कोणी वैरला, आणि दळताना एखाद्याच्या ओठांवर नकळत ओवी आली तेव्हा बाकीचे हसले की गप्प झाले? हे सगळे तुला रचावे लागेल, कारण कागदपत्रांत ते सापडणार नाही. पण जे रचशील ते त्या एका खऱ्या गोष्टीच्या खुंट्याभोवती फिरेल, आणि म्हणून ते खोटे होणार नाही. हे प्रकरण तू वीस पानांचे केलेस तरी मी तक्रार करणार नाही.

घोड्याच्या मांसाचेही तसेच आहे. ‘धर्मभीरू शिपायांनी ते नाकारले’ असे लिहून तू पुढे गेली आहेस. हिंदुस्थानातल्या धर्माधिकाऱ्यांकडून ते खाण्याची परवानगी तारेने मागवली गेली, ती आली, तरीही पुष्कळ जण बरेच दिवस मांसाला शिवले नाहीत. शेवटी पुष्कळांनी खाल्ले. या दोन टोकांच्या मध्ये जे दिवस गेले, त्यांत एकाच गावच्या दोन माणसांनी एकमेकांकडे कसे पाहिले असेल याचा विचार कर. गावात कळले तर पंगतीला कोण बसवून घेईल, धाकट्या बहिणीला स्थळ कोण आणील, ही भीती तुर्कांच्या गोळीपेक्षा लहान नव्हती. ज्याने आधी खाल्ले तो ज्याने नाही खाल्ले त्याला काय सांगेल, आणि दोघेही जगून परत आले तर गावच्या पारावर एकमेकांसमोर आल्यावर काय बोलतील, या प्रश्नांत मला तुझ्या पाचही चकमकींपेक्षा अधिक धग जाणवते.

याचा अर्थ लढाई लिहूच नये असा मुळीच नाही. परंतु ती लिहिताना माणूस कोणत्या कामावर होता हे आधी माहीत असू दे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या सेनिओ नदीवर मराठा पलटणीतले शिपाई नामदेव जाधव यांनी जे केले त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे सर्वांना माहीत आहे. ते कंपनीचे रनर होते, म्हणजे निरोप पोहोचवणे हे त्यांचे काम होते, हे फार थोड्यांच्या लक्षात राहते. त्यांनी प्रथम दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून, चढाच्या काठावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून दोन खेपांत बाहेर नेले. मग ते मशीनगनच्या ठाण्यांवर चालून गेले, आणि हाताला जखम झाल्यामुळे टॉमी गन चालवता येईना तेव्हा त्यांनी हातबाँब वापरले. पदकाच्या मानपत्रात हे सारे थोड्या ओळींत मावते. कादंबरीकाराला मात्र पहिली खेप संपवून दुसऱ्या माणसासाठी पुन्हा त्याच सुरुंगांत पाय टाकण्याच्या क्षणापाशी थांबावे लागते, कारण पहिल्या वेळी वाट माहीत नव्हती आणि दुसऱ्या वेळी ती पुरती माहीत होती.

तुझा नायक तिसऱ्या प्रकरणात मातृभूमीसाठी रक्त सांडण्याची भाषा करतो. ती भाषा तुझी आहे, त्याची नाही. १९१४ साली शिपायाला महिना ११ रुपये पगार होता. त्या पगारावर घरचे कर्ज, बैल, बहिणीचे लग्न अवलंबून होते, आणि त्याखेरीज खाल्ल्या मिठाला जागणे, पलटणीचे नाव राखणे आणि गावातल्या बरोबरच्या पोरासमोर मागे न सरणे या त्याच्या निष्ठा होत्या. त्या निष्ठांना आजच्या देशभक्तीचे कपडे चढवू नकोस, आणि साहेबासाठी लढला म्हणून त्याला लाजही आणू नकोस. त्याच पलटणीत दख्खनी मुसलमान शिपाई होते याचा उल्लेखही तुझ्या बाडात नाही. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तानच्या सुलतानाने, जो खलिफाही होता, जिहाद पुकारला होता. समोरच्या खंदकातून बांग ऐकू येत असताना आपल्या खंदकात नमाज पढणारा साताऱ्याकडचा शिपाई काय सोसत असेल, हे ज्या कादंबरीत नाही ती कुतची कादंबरी अपुरीच राहील. शिपायांबरोबर वेढ्यात अडकलेले हजारो भिस्ती, खेचरवाले, स्वयंपाकी आणि सफाई करणारे हेही तुझ्याकडे नाहीत. त्यांनाही तीच भूक होती, पण पदक मिळण्याची शक्यता जवळजवळ नव्हती.

काही दुरुस्त्या लहान आहेत, पण फौजेत आयुष्य काढलेला वाचक तिथेच पुस्तक मिटतो. १९१६ साली ‘नायब सुभेदार’ नव्हता. तो हुद्दा ‘जमादार’ होता आणि हे नाव १९६५ मध्ये बदलले. तुझा शिपाई घरी तीन-तीन पानांची पत्रे स्वतःच्या हाताने लिहितो, तेही खरे वाटत नाही. बहुतेकांना लिहिता येत नव्हते. पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे, मध्ये सेन्सॉरचा अधिकारी वाचणार, आणि गावात पुन्हा तिसराच कोणी ते मोठ्याने वाचून दाखवणार, तोही ओट्यावर, चारचौघांत. इतक्या कानांतून जाणाऱ्या पत्रात नवरा बायकोला काय सांगू शकणार? फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांनी यावर उपाय काढला होता. ते आपल्या माणसांना काळी मिरी आणि गोऱ्यांना तांबडी मिरची म्हणत, आणि कोणती मिरची किती खपली एवढ्यावरून घरच्यांनी काय ते समजून घ्यायचे. तुझ्या नायकाची पत्रे चार ओळींची कर आणि त्यांत बैलाची, पावसाची, मनिऑर्डरीची चौकशी ठेव. ज्या गोष्टीचा उल्लेख तो टाळतो आहे तिच्यावरच वाचकाचे लक्ष जाईल, अशी ती लिही.

शेवट तू शरणागतीवर केला आहेस. कृपा करून तिथे थांबू नकोस. सुमारे १३,००० माणसे कैदेत गेली. वेढा फोडायला बाहेरून आलेल्या फौजेची हानीच सुमारे २३,००० होती. कुतमधल्या फौजेचे सेनापती टाउनशेंड यांना कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर आरामात ठेवले गेले, आणि उपाशी शिपायांना उन्हातून बगदाद आणि मोसुलमार्गे चालवत नेऊन पुष्कळांना रास अल ऐनजवळ रेल्वेमार्गाच्या कामाला जुंपले. किती तरी वाटेतच पडले. बसऱ्याच्या स्मारकावर ४०,००० हून अधिक मृतांचे स्मरण केलेले आहे, परंतु त्यातल्या भारतीय शिपायांची नावे कोरली गेली नाहीत. पलटणीच्या नावाखाली केवळ आकडा आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावात पहिल्या महायुद्धात मेलेल्या ४६ जणांची स्मृती आहे, तिथेही मला दरवेळी त्या आकड्यापाशी अडायला होते. तुझ्या बाडात ‘एक जवान’, ‘दुसरा जवान’, ‘कोणीतरी ओरडले’ असे मी एकोणतीस ठिकाणी अधोरेखित केले आहे. त्या प्रत्येकाला नाव दे, गाव दे, आणि गावात त्याचे काय राहिले आहे ते तुला स्वतःला माहीत असू दे, मग ते पानावर आले नाही तरी चालेल.

पुढचे पान लिहायला बसण्याआधी एक काम कर. तुमच्या जुन्या घरात माळ्याखाली जाते पडून आहे असे तू मागे म्हणाली होतीस. ते स्वच्छ करून घे, शेरभर जव आण, आणि सकाळपासून काही न खाता ते एकटीने दळून पाहा. पीठ किती निघते, भुसा किती राहतो, खांदा कितव्या पसाभर जवाला भरून येतो, आणि दळता दळता आधी कोणाची आठवण येते, हे सारे त्याच दिवशी वहीत उतरवून ठेव आणि मला पाठव. नवे प्रकरण त्यानंतर.

कळावे. आशीर्वाद.