वाचकांचे प्रश्न : खांद्याला बसणारा दणका

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेतील मोंटाना राज्यात स्थायिक असून तेथील कारागिराकडून स्वतःच्या मापाची रायफल बांधून घेत आहे. पानगळीच्या दिवसांत एल्क जातीच्या हरणाची शिकार आणि एरवी कागदी लक्ष्यावर नेमबाजी, ही दोन्ही कामे त्याला एकाच रायफलीकडून हवी आहेत. मित्राच्या .३०० विंचेस्टर मॅग्नमने दहा-बारा गोळ्या झाडल्या, तर त्याचा खांदा काळानिळा पडला. तरीही काडतूस तेच ठेवावे, असे त्याच्या मनात आहे. माझे आयुष्य लेथवर गेले. मला वाटते, दस्त्यात, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या भागात, शिसे ओतून वजन वाढवले की काम भागेल. हे बरोबर आहे काय?
— एक वाचक, वसमत (जि. हिंगोली)

उत्तर : आपला विचार चुकीचा नाही, परंतु तो तिसऱ्या पायरीवरचा आहे. पहिली पायरी काडतुसाची, दुसरी दस्त्याच्या मापाची, आणि वजनाचा विचार त्यानंतर.

गोळी आणि तिच्यामागून सुटणारा जळत्या दारूचा वायू जितक्या संवेगाने पुढे जातात, तितक्याच संवेगाने रायफल मागे येते. .३०८ विंचेस्टर या मध्यम काडतुसाची १५० ग्रेनची, म्हणजे सुमारे ९.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८६० मीटर वेगाने सुटते आणि तिच्यामागे जवळपास ३ ग्रॅम दारू जळते, असे धरले, तर ४ किलोच्या रायफलीची मागे येण्याची ऊर्जा साधारण १८ जूल निघते. त्याच वजनाच्या रायफलीत .३०० विंचेस्टर मॅग्नम भरले, तर ती ३३ जूलच्या आसपास जाते, आणि ६.५ क्रीडमूर या सौम्य काडतुसाला १४ जूलवर भागते. मॅग्नमची ऊर्जा केवळ वजनाच्या जोरावर १८ जूलपर्यंत उतरवायची, तर रायफल ७ किलोंहून अधिक भरेल. ती टेबलावर ठेवून चालवता येईल, परंतु डोंगर चढताना खांद्यावर कोण वागवणार? म्हणून मुलाने मॅग्नमचा मोह सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बेताच्या अंतरावरून, योग्य जागी आणि योग्य गोळीने नेम साधला, तर एल्कसाठी .३०८ पुरते, आणि महिन्याला शेकडो गोळ्या झाडणाऱ्याच्या खांद्याला ते सोसवतेही.

आता दुसरी पायरी. गणितात निघणारा धक्का आणि अंगाला जाणवणारा दणका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या वसमतच्या मोंढ्यात हळदीचे पोते दोघांनी धरून हमालाच्या पाठीवर हळूच टेकवले, तर तो ते घेऊन चालू लागतो. तेच पोते ट्रकच्या फाळक्यावरून अंगावर टाकले, तर तो खाली बसेल. वजन तेच असते. ते किती वेळात आणि किती जागेवर उतरले, एवढाच फरक असतो. दस्त्याच्या टोकाला इंचभर जाडीचा मऊ रबरी पॅड लावल्याने नेमके हेच साधते. ऊर्जा कमी होत नाही, परंतु ती सावकाश आणि पसरून उतरते. पॅड मात्र रुंद असावा, कारण अरुंद पॅड कितीही मऊ असला, तरी खांद्यात रुततो.

त्याहूनही महत्त्वाची आहे ती दस्त्याची लांबी. दस्ता लांब असेल, तर तो खांद्याच्या खळगीत न बसता दंडाच्या हाडाकडे सरकतो. आखूड असेल, तर अंगठा नाकावर आणि रायफलीवर बसवलेल्या दुर्बिणीची कड भुवईवर आदळते. ही लांबी शिकारीच्या कपड्यांत मोजावी, हे बरेच जण विसरतात. उन्हाळ्यात सदऱ्यावर घेतलेले माप मोंटानाच्या थंडीत जाड कोटावर दोन-अडीच सेंटीमीटरने चुकू शकते. म्हणून दस्त्यात पातळ चकत्या घालता-काढता येतील, अशी सोय करून घ्यावी. दस्त्याची वरची कड नळीच्या रेषेपासून फार खाली उतरलेली असेल, तर नळी वर उसळते आणि दस्ता गालावर बसतो. सरळ दस्ता धक्का सरळ मागे देतो. दुर्बीण उंच बसवली, तर गाल टेकायची जागाही तितकीच उंच हवी, नाहीतर मान उचलून नेम धरावा लागतो आणि सैल गालावर चपराक बसते.

आता शिसे. दोन्ही कामांसाठी मला दुर्बिणीसह साडेचार किलोंची तडजोड योग्य वाटते. परंतु वाढीव वजन सगळे दस्त्यात घातले, तर रायफलीचा तोल मागे जातो आणि तोंड हलके होऊन उसळते. त्यापेक्षा थोडी जाड नळी घेणे अधिक बरे. नळीच्या तोंडाशी लावायचा मझल ब्रेक वायू बाजूला वळवून धक्का खरोखरच बराच कमी करतो, परंतु स्फोटाचा आवाज नेमबाजाकडे आणि शेजाऱ्यांकडे फेकतो. रायफलीचा आवाज मुळातच १५० डेसिबलच्या पुढचा असतो, त्यामुळे कानाच्या संरक्षणाशिवाय एकही गोळी झाडू नये. माझ्या दृष्टीने .३०८ ला ब्रेकची गरज नाही.

एक गोष्ट मात्र कारागीर देऊ शकणार नाही. एकदा खांदा दुखला, की चाप ओढण्याआधीच अंग आखडते आणि गोळी खाली जाते. मित्राने मॅगझिनमध्ये मधूनच एखादे निकामी, सरावाचे काडतूस मुलाला न सांगता भरावे. त्यावर चाप ओढताना नळी हलली, तर दोष रायफलीचा नाही, हे लगेच दिसेल. अशा वेळी काही आठवडे .२२ या छोट्या काडतुसाच्या रायफलीवर सराव करावा. स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ५० मीटरच्या ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, तो याच .२२ चा आहे आणि तिचा धक्का एका जूलचाही नसतो.

प्रश्न : माझ्याकडे परवान्याची .३१५ रायफल आहे. मी दस्ता-नळीची अशी कामे गावातच करून घेऊ शकतो का?
— एक वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)

उत्तर : नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार शस्त्राची दुरुस्ती किंवा रूपांतर करणाऱ्याकडे त्यासाठीचा परवाना असावा लागतो, आणि नळी आखूड करण्याविषयी कलम ६ स्वतंत्रपणे बजावते. त्यामुळे गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात रायफल नेऊ नये. शिकारीचे म्हणाल, तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यातील १९९१ च्या दुरुस्तीनंतर तो विषय आपल्याकडे संपला. रानडुकराने पीक उद्ध्वस्त केले, तरी आधी वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. दस्त्यावर मोज्यासारखी चढवायची रबरी टोपी तेवढी वापरून पाहावी. तिच्यामुळे दस्ता दोन-अडीच सेंटीमीटर लांब होतो, तेव्हा आपला हात आखूड असेल, तर पातळ टोपी निवडावी.