कोरडी वखार, ओला धंदा

बेळगाव

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र, फोटो आणि हातानं काढलेला नकाशा मिळाला. आजोबांच्या निपाणीच्या वखारीत बिअर तयार करायची आणि दर्शनी दालनात जेवणखाण सुरू करायचं, हा बेत मला पसंत आहे. घरातल्या मोठ्यांना दारूचा धंदा नको आहे, हे तुझ्या आत्यानं मला फोनवर सांगितलं. त्या भांडणात मी पडत नाही, ते तुमचं तुम्ही निस्तरा. माझी हयात जुन्या इमारती सावरण्यात गेली, तेव्हा मी इमारतीपुरतं बोलतो आणि थोडं तिच्या आजूबाजूचं.

वखार कशासाठी बांधली होती? माल कोरडा राहावा म्हणून. उंच जोतं, दोन हात जाड दगडी भिंती, खाली खिडक्या जवळजवळ नाहीत, हवा खेळायला वर झरोके, कौलारू छपराला चांगला उतार. तुझ्या फोटोंत अख्ख्या दालनात एक नळ नाही की एक मोरी नाही. तंबाखूला ओल लागली की बुरशी, आणि बुरशी आली की भाव गेला. म्हणून बांधणाऱ्यानं पाण्याला दारातच अडवलंय. तू नेमकं तेच आत आणायला निघालीस. लहान ब्रुअरीत एक लिटर बिअरमागे सहा ते दहा लिटर पाणी सहज जातं, आणि त्यातलं बहुतेक धुण्यात जातं. टाकी कुठे ठेवायची इथपासून नगरपालिकेच्या गटारापर्यंत तुझा प्रत्येक प्रश्न यातूनच निघणार आहे.

नकाशात मधल्या दालनात काचेची खोली दाखवलीस, आत तांब्याचं चकचकीत भांडं आणि भोवती टेबलं. बंगळुरात असं असतं आणि दिसतंही झकास. पण त्या इमारती काँक्रीटच्या आहेत, तुझ्या डोक्यावर छपराला पेलणाऱ्या सागवानी कैच्या आहेत. ५०० लिटरचं एक आधण तासभर खळखळ उकळलं की २५ ते ४० लिटर पाणी वाफ होऊन वर जातं. ती वाफ कैचीच्या सांध्यांत, रिपांवर, कौलांच्या पोटाला जाऊन बसणार. आठवड्यात तीन आधणं काढलीस तर लाकडाला सुकायला उसंतच नाही. आधी बुरशी, मागून वाळवी. आपल्याकडे गुऱ्हाळाची काहील घराच्या माजघरात कुणी मांडत नाही, ती चहूबाजूंनी उघड्या मांडवाखाली असते. तसंच कर. मागच्या आवारात, जिथे गाड्या रिकाम्या होत, तिथे लोखंडी सांगाड्याची नवी शेड घाल. उकळण्याचं, गाळण्याचं, धुण्याचं सगळं काम तिथे, वाफेला स्वतंत्र चिमणी. गिऱ्हाइकाला काही दिसायला हवं असेल तर आंबवणाच्या टाक्या दिसू देत. त्या बंद असतात, थंड असतात, वाफ सोडत नाहीत.

त्या टाक्यांचं वजन मात्र आत्ताच धर. १,००० लिटरची टाकी भरली की स्टीलसकट सव्वा-दीड टन होते, आणि ते सगळं चार पायांवर येतं. तळहाताएवढ्या पत्र्यावर तीन-साडेतीनशे किलो. वखारीतल्या फरश्या मातीच्या भरावावर नुसत्या टेकलेल्या असतात. पोत्यांच्या थप्पीचं वजन पसरतं, म्हणून त्यांनी इतकी वर्षं तक्रार केली नाही. टाक्या येतील तेवढ्या भागातल्या फरश्या उचलून आरसीसीचा स्वतंत्र स्लॅब घाल आणि तो जुन्या भिंतीला चिकटू देऊ नकोस, मध्ये सांधा ठेव. पोटमाळ्यावर टाकी ठेवायचा विचार कुणी सुचवला तर त्याला चहा पाजून घरी पाठव.

आणखी एक, फरशीचंच. तिथली फरशी शहाबादी आहे. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, आणि बिअर आंबट असते. त्यात टाक्या धुताना आधी कॉस्टिक सोडा आणि मग आम्ल. दोन पावसाळ्यांत फरशीला खड्डे पडतात, खड्ड्यात पाणी साचतं आणि वास सुरू होतो. टेबलांखाली शहाबादी खुशाल राहू दे, पुसून पुसून तिला जी चमक आली आहे ती नव्या फरशीला यायची नाही. जिथे धुणं आहे तिथे आम्ल सोसणारी टाइल्स, मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार आणि स्टीलची नाली.

नाली गळू देऊ नकोस, यावर मी सगळ्यात जास्त जोर देईन. निपाणीची जमीन काळी. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. भिंतीचा पाया अशा जमिनीत इतकी वर्षं शांत उभा आहे, कारण जोत्यालगत पाणी कधी मुरलं नाही. पायालगत चर खणून त्यात पाइप टाकलास आणि त्याचा एक सांधा सुटला, तर भिंतीला कोपऱ्यापासून तिरकी भेग जाईल, आणि गवंडी येऊन ती सिमेंटनं लिंपून जाईल. भिंतीपासून लांब, वरून उघडता येईल अशी नाली ठेव. गवंडी सिमेंटच्या गिलाव्याचा आग्रह धरेलच, तिथे ठाम राहा. चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतीला सिमेंट थापलं की आतली ओल कोंडते आणि लोणा, म्हणजे पांढरा क्षार, फुटतो. चुन्याचाच गिलावा, वर चुन्याचीच सफेदी. ऑइलपेंटचं नाव काढू नकोस.

आता वास. फोटोतून वास येत नाही, पण तंबाखूची वखार मला चांगली माहीत आहे. लाकूड, गिलावा, कैचीच्या वर बोटभर साठलेली भुकटी, सगळीकडे तो मुरलेला असतो. जेवायला येणाऱ्याला तो कदाचित आवडेल, माल्टला, म्हणजे बिअरसाठी मोड आणून वाळवलेल्या धान्याला, सोसणार नाही, कारण भरडलेलं धान्य भोवतालचा वास ओढून घेतं. एक परीक्षा करून बघ. एकाच पोत्यातलं भरडलेलं माल्ट दोन वाट्यांत घे. एक वाटी पातळ फडकं बांधून रात्रभर बंद वखारीत ठेव, दुसरी घरी. सकाळी दोन्हींवर गरम पाणी ओत, झाकण ठेव, दहा मिनिटांनी झाकण काढून नाक लाव. कुठली वाटी कुठली हे न सांगता आईलाही वास घ्यायला लाव, स्वयंपाक करणाऱ्या बाईचं नाक तुझ्या-माझ्यापेक्षा तयार असतं. फरक कळला तर माल्टची कोठी नव्या शेडमध्येच. आणि ती भुकटी झाडूनं झाडायची नाही. व्हॅक्यूमनं ओढून, मग ओल्या फडक्यानं पुसायची, माणसांच्या तोंडाला नीट मास्क हवेत. त्या धुळीनं किती छात्या खराब केल्या ते निपाणीला सांगायला नको.

त्यावरून आठवलं. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांपैकी काही अजून गावात असतील. आर्किटेक्टच्या आधी त्यांना भेट. पाऊस कुठून आत यायचा, कुठल्या कोपऱ्यात माल ठेवायचा नाही असं मुकादम सांगायचा, कुठला झरोका उघडला की धूळ बाहेर जायची, हे त्यांना तोंडपाठ असतं. पण त्यांचे जुने फोटो मोठे करून भिंतीवर सजावट म्हणून लावायचा विचार असेल, तर तो सोड. ज्या कामानं त्या खोकत राहिल्या त्याचं चित्र बघत कुणी बिअर प्यावी, हे मला रुचत नाही. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी इथल्याच महामार्गावर ठाण मांडून बसले होते, शेतकरी संघटनेचे शरद जोशी त्यात होते. पोलिसांनी गोळीबार केला, माणसं गेली. ज्यांच्या घरातली माणसं त्या रस्त्यावर होती ते तुझे शेजारी आहेत. त्यांना ‘वखार’ हे नाव फलकावर दिसलेलं चालेल, त्याची शोभा केलेली चालणार नाही.

फलकाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. कर्नाटकाच्या २०२४ च्या कायद्यानं फलकावर ६० टक्के कन्नड असायला हवं, तेही वरच्या भागात. मराठी खाली येऊ शकतं. मनात काय वाटतं ते वाटो, धंद्याच्या दारात सीमाप्रश्न उभा करू नकोस, त्याला बाकी जागा पुष्कळ आहेत.

तळघराबद्दल तू एका ओळीत लिहिलंस, ‘थंड जागा, टाक्यांसाठी उत्तम’. अजिबात नाही. आंबवण होताना दर १०० लिटरमागे साधारण ४ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो हवेपेक्षा जड, त्याला रंग नाही. तळघरात तो पाण्यासारखा साचतो. हळदीच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, उतरलेली माणसं जातात ती याच वायूनं, आणि त्यांना काढायला उतरलेलाही बहुधा जातो. तळघराचा जिना बंद करून टाक. वर टाक्या असतील तिथेसुद्धा फरशीलगत वायू मोजणारं यंत्र आणि खालून हवा ओढणारा पंखा हवाच.

आगीचंही पाहा. मुंबईत कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्र उलटल्यावर आग लागली आणि १४ जण गेले. बरेचसे स्वच्छतागृहात गुदमरून गेले, बाहेर पडायची वाट सापडली नाही म्हणून. तुझ्या वखारीला एकच मोठं दार आहे, कारण चोराला एकच वाट ठेवायची असायची. माणसं बसवायची तर समोरासमोरच्या दोन भिंतींत बाहेर उघडणारी दारं हवीत. दगडी भिंत फोडताना आधी वर तुळई घालून मगच खालचे दगड काढायचे. हे काम स्वस्तातल्या माणसाला देऊ नकोस.

परवान्याचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी क्रम सांगतो. मायक्रोब्रुअरीला कुठल्या हद्दीत आणि किती जागेवर परवानगी मिळते, याचे नियम बदलत आले आहेत. बंगळुरात मिळालं म्हणून निपाणीत मिळेल असं धरू नकोस. अबकारी खात्याकडून लेखी घे, आणि ते हातात येईपर्यंत एकाही टाकीची ऑर्डर देऊ नकोस. शाळा, देऊळ, मशीद, दवाखाना यांपासून १०० मीटर अंतर स्वतः टेप धरून मोज. महामार्गाचंही बघ. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१६ मध्ये ५०० मीटरची अट घातली आणि २०१७ मध्ये नगरपालिका हद्दीपुरती ती सैल केली, तेव्हा वखार हद्दीच्या आत आहे याचा दाखला फाइलला लाव. आपल्याकडे अबकारीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, पैशाचं गणित त्यावर बसव. जागेच्या उताऱ्यावर आजोबांच्या मागे किती वारस लागले आहेत तेही बघ. आत्याची सही लागणार आहे, म्हणून तिच्याशी गोड बोल.

माझं मत विचारशील तर आधी नुसतं जेवणखाण सुरू कर. परवाना अडकला तरी भाकरी, तांबडा रस्सा आणि खर्डा विकता येतो. बिअर वर्षभरानं आली तरी चालेल. स्वयंपाकघरही मागच्या शेडमध्येच.

बिअरमध्ये आपल्याकडचा तांदूळ घालायचा म्हणतेस, छान आहे. कच्चा तांदूळ वेगळा शिजवावा लागतो, पोहे मात्र थेट माल्टबरोबर घालता येतात, कारण ते आधीच भिजवून, भाजून चेपलेले असतात. गाळताना लगदा बसला तर भाताचं तूस मिसळ. ५०० लिटरमागे शंभरेक किलो ओला चोथा निघतो, तो उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबतो. जवळचा गोठा आत्ताच ठरव, रोज सकाळी गाडी येईल असा. आणि फसलेली बिअर किंवा यीस्टचा गाळ गटारात कधीही सोडू नकोस. घरगुती सांडपाण्याच्या शेकडो पटींनी ती पाण्यातला प्राणवायू खाते. प्रदूषण मंडळाचा माणूस येण्याआधी शेजारीच वासानं तुझ्या दारात येतील.

कोल्हापूर ४० किलोमीटरवर आहे. तिकडची मंडळी येणार, पिणार आणि महामार्गानं परत जाणार. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम ही मर्यादा दोन ग्लासांत ओलांडली जाते. गावातल्या दोन-तीन ड्रायव्हरांशी महिन्याच्या पगारावर बोलून ठेव.

मृग तोंडावर आलाय. हा पावसाळा काहीही तोडफोड करू नकोस. पहिल्या मोठ्या पावसात आत उभी राहा, हातात खडू घे, जिथे थेंब पडेल तिथे फरशीवर गोल काढून तारीख लिही. कैच्यांची भिंतीत शिरलेली टोकं शिडी लावून टोच्यानं टोचून बघ. टोच्या लोण्यात गेल्यासारखा आत गेला तर त्या टोकाला लाल खूण कर आणि मला फोटो पाठव. कौलं विकत घ्यायला जो भंगारवाला आलाय त्याचा विसार परत कर. एक-दोन कौलं उलटी करून मागचा छाप बघ, खानापूरकडच्या भट्टीची असतील तर मापाला मिळतीजुळती मिळवून देता येतील. जोत्याची उंची आणि मागच्या आवाराची लेव्हल, हे दोन आकडे तेवढे लवकर कळव, शेडचा उतार मी काढून देतो.

तुझा,
काका