दोनदा ब्रश करूनही दाढा किडल्या, असं का?

प्रश्न: माझी मुलगी सात वर्षांची आहे. सकाळ-रात्र ब्रश करते, चॉकलेट पण फार खात नाही तरी दोन दाढा किडल्यात. सासूबाई म्हणतात दुधाच्याच आहेत, पडणारच. मिस्टर म्हणतात आमच्या घराण्यातच दात खराब. नक्की काय समजायचं?

उत्तर: ताई, आधी एक सांगा, दिवसभरात तिच्या तोंडात काहीतरी किती वेळा जातं? किती खाते ते नाही विचारत, किती वेळा. कारण प्रत्येक वेळी गोड किंवा पिठाचं काही खाल्लं की दातावरचे जंतू त्याचं ॲसिड करतात, मग अर्धा तास तरी दाताचं वरचं कवच झिजत राहतं आणि लाळ ते हळूहळू भरून काढते. पण तेवढ्यात पुन्हा बिस्कीट, पुन्हा ज्यूसचा घोट असं चालू असेल तर लाळेला वेळच मिळत नाही हो! म्हणून जेवणासोबत एकदाच खाल्लेली मिठाई परवडली, पण तासाभर चघळलेली गोळी नको. गोड औषधांचे सिरप, तोंडाने श्वास घेण्याची सवय, ह्याही गोष्टी बघा. घराण्याचा वाटा असतो थोडाफार, पण घरातल्या सवयीच जास्त पुढे येतात.

दुधाच्या दाढा पडतात खऱ्या, पण दहा ते बाराव्या वर्षी. तोवर ठणका, सूज, जेवण न जाणं, हे सगळं लेकराने का सोसायचं? प्लीज थांबू नका, दाखवून घ्या. आणि सगळ्यात मागे बघा, सहाव्या वर्षाच्या आसपास एक नवी दाढ येते, काहीच न पडता येते म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ती पक्की आहे, आयुष्यभराची! तिच्या खाचा खोल, कवच अजून कोवळं, ब्रश तिथवर पोचत नाही, त्यामुळे दुधाच्या दाढा किडलेल्या मुलांमध्ये पुढचा नंबर बहुतेक वेळा हिचाच. डॉक्टरांना ह्या खाचा सीलंटने, म्हणजे खाचा बंद करणाऱ्या पातळ लेपाने, भरून द्यायला सांगा.

ब्रशचं म्हणाल तर सात वर्षांच्या हाताला ते नीट जमत नाही, रात्री तरी तुम्ही स्वतः करून द्या, झोपेत लाळ कमी होते म्हणून रात्रीचं चुकवू नका. फ्लोराइडवाली पेस्ट घ्या, नंतर नुसतं थुंकायला सांगा, खळखळून चूळ नको, म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं. हिरडीजवळ खडूसारखे पांढरे डाग दिसले तर ती किडीची सुरुवात असते, तेवढ्यावर पकडलं तर ड्रिलिंग न करताही थांबवता येतं.